सांभाळायला दिलेलं नाव

आमच्या वस्तीचं नाव बारववस्ती, पण त्या बारवेत मी पाणी कधी पाहिलं नाही. तळाला कोरडा गाळ, त्यात माजलेली रुई आणि पायऱ्यांवर पारवे. पंचवीसेक घरं, एक मारुती, माझ्या वडिलांची पिठाची गिरणी आणि वस्तीशाळेची पत्र्याची एक खोली, एवढाच पसारा. नगर जिल्ह्याच्या त्या कोरड्या पूर्व अंगाला वर्षाचे सरळ दोन भाग असत. दसऱ्यापर्यंत वस्ती माणसांनी भरलेली असे. दसरा झाला की मुकादमाचे ट्रक येत आणि दोन-तीन दिवसांत घरंच्या घरं ऊसतोडीला निघून जात. जाताना माणसं दाराला कुलूप लावत आणि उंबऱ्यापुढे बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकत, म्हणजे कुत्री-शेळ्या ओट्यावर चढू नयेत. मागे उरत म्हातारी माणसं आणि आमच्यासारखी दोन-तीन घरं. शाळेत जाताना मी त्या काट्यांच्या दारांवरून जायचे, पण एकाही दाराकडे बघायचे नाही. आतून कुणीतरी आपल्याला बघतंय असं वाटायचं. हे कुणाला सांगितलं असतं तर माझीच टर उडाली असती, कारण वस्तीत मी धीट म्हणून मिरवत होते.

आम्ही मागे राहायचो ते गिरणीमुळे. इंजिनाच्या धुराड्यावर अण्णांनी पत्र्याची डबी उलटी बसवली होती, तिचा पुक पुक आवाज माळावर लांबपर्यंत जायचा. वस्ती भरलेली असताना तो दिवसभर चाले. दसऱ्यानंतर आठवड्यातून दोनदा, तोही घटकाभर. अण्णांनी इंजिन बंद केलं की कानांना दडे बसल्यासारखं व्हायचं आणि मग लांबवर कुणाचं तरी कुत्रं धन्याच्या बंद दारापुढे बसून रडतंय ते ऐकू यायचं. अण्णा फार बोलत नसत. त्यांच्या वाटणीचं आई बोलायची. ती शाळेत खिचडी शिजवायची आणि घरी आल्यावर संध्याकाळी पुष्कळदा हुलग्याच्या पिठाची शेंगोळी करायची. लसूण-मिरचीच्या वाटणात शेंगोळी रटरटायला लागली की बोलावणं करावं लागायचं नाही, सगळे आपोआप चुलीपाशी. आज मी गॅसवर तीच करते. चौथीतली माझी लेक नाक मुरडते आणि नवरा म्हणतो, अगदी तुझ्या आईच्या हातची चव. त्याने आईच्या हातची कधी खाल्लीच नाहीत, पण मी त्याला बोलू देते.

शाळेत एकच सर, भानुदास सर. वस्तीतलेच, बारावीपर्यंत शिकलेले, लग्न व्हायचं होतं. वस्तीशाळेचा पट पंधराच्या खाली गेला की शाळा बंद, असं त्यांना वरून सारखं सांगितलं जायचं. आमचा पट एकोणीस होता, पण दसऱ्यानंतर वर्गात उरायची पाच पोरं. पुढची शाळा दीड तास चालण्यावर आणि मध्ये ओढा. आमची शाळा बंद झाली असती तर पोरं रानात आणि पोरी चुलीपुढे, हे सरांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की पहिलीतल्या पोरालाही पाठ होतं. त्यावर त्यांनीच एक रीत काढली होती. दसऱ्याला आपण आपट्याचं सोनं देतो, तसं जाणाऱ्या पोराने राहणाऱ्या पोराच्या हातात आपट्याचं पान ठेवायचं आणि म्हणायचं, "माझं नाव सांभाळ." राहणाऱ्याने ते पान पुस्तकात जपायचं, रोजच्या हजेरीत त्याच्या नावाला हजर म्हणायचं आणि तो परत आला की पान परत द्यायचं. सर हे सगळं इतकं गंभीरपणे करवून घेत की त्यात काही खोटं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. आम्हाला तर तो मान वाटायचा.

त्या वर्षी मी चौथीत होते. चौथीत आम्ही दोघीच, मी रोहिणी आणि दुसरी शीतल. शीतल डावखुरी, अंगाने काटकुळी, आणि तिचा आवाज जरा घोगरा. तीन वर्षं आम्ही एका पाटीपाशी डोकी लावून बसलो, दसऱ्यानंतरचे महिने सोडून. वस्तीत असली की ती शाळा चुकवायची नाही. ताप असला तरी यायची आणि भिंतीला टेकून बसायची. त्या दसऱ्याला तिचा बाप बबनकाका ट्रकमध्ये भांडी चढवत होता, आई लहान भावाला घेऊन पुढे बसली होती, आणि ही धावत माझ्याकडे आली. पान माझ्या हातात दाबून म्हणाली, "नीट सांभाळ गं रोहे. एक दिस बी गैरहजर नको लावू. मला पाचवीला मोठ्या शाळंत जायचंय." मी तोऱ्यात म्हणाले, "तू काय काळजी करू नको." माझ्याकडे आधीच दोन पोरांची नावं होती, तिसरं तिचं. पण बाकीची दोन मी नुसती सांभाळली. तिचं मात्र मी मनावर घेतलं.

हजेरीचा एक नियम होता. ज्याचं नाव असेल त्याच्या जागेवर सरकून बसायचं आणि मग बोलायचं. सर मान खाली घालून नावं घेत, वर बघत नसत. पाच पोरं खोलीभर सरकत राहत आणि खोलीच्या कानाकोपऱ्यांतून एकोणीस वेळा हजर, हजर येत राही. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं की वर्ग खच्चून भरलाय. हजेरी संपली की अचानक इतकं सामसूम व्हायचं की आम्ही पाचही जण एकमेकांजवळ येऊन बसायचो. आईला खिचडीही हजेरीप्रमाणेच करावी लागे. ती एकोणीस ताटल्या ओळीने मांडायची, प्रत्येकीत वाढायची, आणि मग चौदा ताटल्यांतली खिचडी वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जायची. वाढताना ती ताटलीपुढे क्षणभर थांबायची. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "लेकराच्या नावानं वाढलंय, लगीच उचलू नये गं. जरा दम धरावा."

मी शीतलच्या जागेवर बसून तिच्यासारखाच घोगरा आवाज काढायचे. ती हजर म्हणायची नाही, हाजर म्हणायची, तसंच म्हणायचे. बाकीची पोरं हसायची, मलाही मजा यायची. मग चाचण्या आल्या. दोन पेपर एकाच अक्षरात नकोत म्हणून सरांनी मला शीतलचे पेपर डाव्या हाताने लिहायला सांगितले. सुरुवातीला कोंबडीचे पाय उमटायचे. महिनाभरात अक्षर सुधारलं, इतकं की ते माझ्या उजव्या हाताच्या अक्षरापेक्षा देखणं दिसायला लागलं. एकदा जेवताना आईने माझ्या मनगटावर फाडकन मारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी डाव्या हाताने भाकरी मोडत होते. "डावरी तू हायस का ती?" आई म्हणाली. तिचा आवाज रागाचा कमी आणि घाबरल्याचा जास्त होता. अण्णांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला लागले.

मग तापाची साथ आली. सांधे धरणारा ताप, माणसं कमरेत वाकून काठी टेकत चालत. अण्णा वाकले, सर वाकले, म्हातारी माणसं तर आधीच वाकलेली. मला ताप चढला तेव्हा आई हुलग्याचं माडगं पाजायची आणि कपाळावर ओला फडका ठेवायची. त्या तापात माझ्या हातांना सारखी खाज सुटायची, उसाचं पाचट घासल्यावर सुटते तशी. मी आयुष्यात उसाच्या फडात पाय ठेवला नव्हता. मी झोपेत हाजर, हाजर करत होते असं आईने नंतर सांगितलं. पहिले चार दिवस शाळा चालू होती, मग नर्सबाईंनी आजाऱ्यांची यादी केली आणि साथ ओसरेपर्यंत शाळा बंद ठेवायला लावली. ती परत सुरू झाल्यावर मी सरांच्या टेबलावरची हजेरी चाळली. माझ्या नावापुढे त्या चार दिवसांच्या गैरहजेरीच्या फुल्या होत्या. शीतलच्या नावापुढे चारही दिवस 'ह' होता. मी बाकीच्या चौघांना विचारलं, माझ्यामागं शीतलचं हजर कोण म्हणत होतं? प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा म्हणत होता. सरांना विचारलं तर म्हणाले, "आवाज आला म्हणून मी लावली." दुसरीतला गणू तर म्हणाला, "शीतलताईच म्हनायची की." सगळे हसले. मी हसले नाही. त्याचा उलगडा मला आजही झालेला नाही आणि आता तो करायची हिंमतही नाही.

शाळा जेमतेम आठवडाभर चालली असेल, तोच गारपीट झाली. दुपारी आभाळ पिवळं पडलं, वारं सुटलं आणि शाळेचे पत्रे एकामागून एक उचकटून बारवेत जाऊन पडले. आम्ही टेबलाखाली होतो, कुणाला लागलं नाही. पुन्हा शाळा बंद. पत्रे वरून मंजूर होऊन येईपर्यंत बसायचं कुठे, तर वस्तीतला सगळ्यांत रुंद ओटा बबनकाकांच्या घराचा. सरांनी काट्याच्या फांद्या बाजूला ओढल्या, फळा दाराशेजारच्या भिंतीला टेकवून उभा केला आणि शीतलच्या बंद घरापुढे आमची शाळा भरायला लागली. आता हजेरीत तिचं नाव आलं की मी तिच्याच उंबऱ्याशी सरकायचे, पाठ तिच्या दाराला लागायची आणि मी म्हणायचे, हाजर. त्या दाराच्या फटीतून गार हवा मानेवर यायची. घर महिनोन्‌महिने बंद असलं की आत गारवा साठतो, हे आता कळतं. तेव्हा तसं काही सुचत नव्हतं.

पत्र्यांच्या अर्जामुळेच वरचं लक्ष आमच्याकडे गेलं. शिक्षण खात्याचे साहेब येणार, पट मोजणार, कमी भरला तर पत्रे द्यायचे की शाळाच बंद करायची ते ठरवणार, असा निरोप आला. नर्सबाईंच्या यादीतलं पोर गैरहजर चालेल, बाकीची डोळ्यांना दिसली पाहिजेत. सर दोन दिवस जेवले नसतील. शेवटी त्यांनी डोंगराकडेला उतरलेल्या मेंढपाळांची पोरं आणि अंगणवाडीतली जरा मोठी पोरं आणून पहिली ते तिसरीत बसवली, प्रत्येकाला एकेक नाव दिलं. चौथीचा प्रश्न राहिला. साहेब चौथीला वाचायला लावणार, आणि मेंढपाळांच्या पोरींना वाचता येत नव्हतं. माझं नाव यादीत होतं, कारण मला ताप येऊन गेला होता. शीतलचं नव्हतं. सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "रोहिणी, उद्या तू आजारी. उद्या तू फक्त शीतल."

साहेब तसे भले गृहस्थ होते. ओट्याच्या कडेला खुर्चीवर बसून त्यांनी स्वतः हजेरी घेतली. आई अंगणात तीन दगडांवर खिचडीचं भांडं ठेवून ढवळत होती. "रोहिणी दत्तू," साहेब म्हणाले. सर म्हणाले, "तापानं आजारी, साहेब. यादीत आहे." साहेबांनी यादीवर खूण केली. आईचा हात थांबला. मी तिच्यापासून दहा पावलांवर बसले होते आणि तिच्या डोळ्यांदेखत मी तिथे नव्हते. मग साहेब म्हणाले, "शीतल बबन." मी म्हणाले, "हाजर सर." मी धडा घडाघडा वाचला. फळ्यावर डाव्या हाताने पाच ओळी लिहिल्या. साहेब म्हणाले, "शाबास शीतल, मोत्यासारखं अक्षर आहे." मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

खिचडी वाढायला घ्यायची तेवढ्यात मोटारसायकलवर एक हवालदार आले. तालुक्यावरून आले होते, धुळीने माखलेले. खिशातून कागद काढत म्हणाले, "शीतल बबन नावाची कोन पोरगी हाय का हो वस्तीत? तिकडं कारखान्याच्या बाजूला एष्टी स्टँडवर एक पोरगी घावलीय. तापानं फणफणलीय. नाव ह्येच सांगती, गाव बारववस्ती, शाळा चौथी. निरोप आलाय, खरं हाय का बघा म्हनून."

साहेबांनी हजेरी उघडी करून दाखवली. "शीतल बबन तर इथं आहे. रोज हजर आहे. आत्ताच वाचून दाखवलं तिनं." आणि माझ्याकडे वळून मायेने म्हणाले, "उभी राहा गं बाळ."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. मी उभी राहिले.

"तूच का शीतल?" हवालदारांनी विचारलं.

"व्हय."

"बापाचं नाव?"

"बबन."

"घर कंचं तुजं?"

मी पाठीमागच्या दाराकडे बोट केलं. हवालदारांनी कुलपाकडे पाहिलं. सर घाईने म्हणाले, "आईवडील कामाला गेलेत." तेवढं मात्र खरं होतं.

"म्हंजी ती पोरगी खोटं बोलतीय. घरातनं पळालेली आसंल, दुसऱ्याचं नाव सांगतीय," हवालदार म्हणाले. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी काहीतरी लिहिलं, पाणी प्याले आणि गेले. मोटारसायकलचा आवाज माळावर कितीतरी वेळ ऐकू येत होता. तो ऐकू येत होता तोवर मला ओरडता आलं असतं. सरांची भीती वाटली म्हणून मी गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं असं की साहेबांची शाबासकी अजून अंगावर होती आणि मला ती सोडवत नव्हती. साहेबांनी शेरा चांगला लिहिला. शाळा वाचली.

संध्याकाळी घरी शेंगोळी होती. मी ओसरीत पाय आखडून बसले होते. आईने ताट वाढलं आणि चुलीजवळून हाक मारली, "शीतल, ये जेवायला."

मला वाटलं चुकून म्हणाली. मी हलले नाही.

"शीतल, ये गं. निवतंय."

तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, त्यात राग नव्हता. मी अण्णांकडे पाहिलं, ते भिंतीकडे बघत होते. तिसऱ्यांदा तिने हाक मारली तेव्हा मी रडायला लागले. "मी रोही हाय, आई. मी शीतल न्हाई."

"व्हय?" आई म्हणाली. "मंग शीतल कुटं हाय?"

मी जेवलेच नाही आणि तिने आग्रहही केला नाही. ताट झाकून तिने पदर खोचला आणि तडक सरांच्या घरी गेली. शाळेत ती त्यांना सर म्हणायची, पण त्या संध्याकाळी तिचा "भानुदास!" आमच्या घरापर्यंत ऐकू आला. दुसऱ्या दिवशी पहाटेच सर निघाले. तालुक्याला गेले, तिथून त्या कारखान्याकडे गेले. स्टँडवरची पोरगी दवाखान्यात नेली होती, दवाखान्यातून मुलींच्या कुठल्याशा बालगृहात पाठवली होती. कुठल्या, ते आईबापाशिवाय कुणाला सांगत नव्हते. बबनकाकांची ऊसतोडीची टोळी तिथला ऊस संपवून पुढच्या पट्ट्यात गेली होती, कुठे ते कुणाला ठाऊक नव्हतं. दर रविवारी सर टोळी शोधायला जायचे आणि सोमवारी सुजलेले पाय घेऊन हजेरीला बसायचे. खरं काय ते कागदावर लिहून देण्याचं धाडस त्यांना झालं नाही, कारण त्या कागदाने शाळा गेली असती. मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. त्या शाळेमुळे मी शिकले. पण चांगलंही म्हणवत नाही. त्या दिवसांत हजेरीत शीतलचं नाव ते घ्यायचे, आम्ही कुणी बोलायचो नाही, आणि त्या शांततेतच ते 'ह' लिहायचे. आमची पाचही जणांची नजर तेव्हा त्या बंद दाराकडे जायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला ट्रॅक्टर आला. आम्ही ओट्यावर पाढे म्हणत होतो. शीतलची आई उडी मारून उतरली, काखेत उसाची कांडी फडक्यात बांधलेली. आम्हाला आपल्या ओट्यावर बघून ती हसलीच. "आगं बया, माझ्याच घरात शाळा! माझी शीतल कंच्या वळीत बसलीय?" सर उभे राहिले. तिला वाटलं सर मान देतायत. ती आपली सांगत राहिली, "लई घाबरलो हुतो मास्तर. टोळी हलली तवा एका ट्रालीत मी, एका ट्रालीत हे. मला वाटलं ह्यांच्याजवळ हाय, ह्यांना वाटलं माझ्याजवळ. चौकीत गेलो तर म्हनले, तुमची पोरगी गावाकडं शाळंत हजर हाय, साहेबानं डोळ्यांनी बघितलीय. तिचा चुलता आजारी पडून टोळी सोडून गेला हुता, त्योच हिला घिऊन आला आसंल म्हनलं. म्हनून तर निवांत ऱ्हायलो." एवढं बोलून तिने आमच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. पुढचं मी लिहीत नाही. तो आवाज मला ऐकायचा नाही.

बबनकाका आणि सर दोघे मिळून गेले आणि बऱ्याच खेपा घालून तिला घेऊन आले. केस बारीक कापलेले, अंगावर बालगृहाचा निळा फ्रॉक. तिची आई तिला कवटाळून रडत होती आणि ती सरळ उभी होती. तिकडे तिने नाव सांगितलं की खोटं बोलू नको म्हणायचे, कारण ते नाव असलेली मुलगी आपल्या शाळेत हजर होती. महिनाभराने त्यांनी तिला आशा म्हणायला सुरुवात केली. घरी आल्यावर कितीतरी दिवस शीतल म्हणून हाक मारली तर ती मान वळवायची नाही.

निकाल लागून गेला होता. एका दुपारी सर तिचं प्रगतीपुस्तक घेऊन तिच्या ओट्यावर आले, मी आपट्याचं पान घेऊन त्यांच्यामागे. पान वाळून तपकिरी झालं होतं, पण मी ते मोडू दिलं नव्हतं. रीतीप्रमाणे मी हात पुढे केला आणि म्हणाले, "घे तुझं नाव." तिने पान घेतलं नाही. तिने आधी प्रगतीपुस्तक उघडलं. सगळ्या विषयांत उत्तम गुण होते. हजेरीच्या रकान्यावर बोट ठेवून, एकेक महिना करत, ती खालपर्यंत गेली. एकही दिवस गैरहजर नव्हती.

पुढे त्या शाळेला नवे पत्रे आले. करोनाच्या मोठ्या साथीत ती दीड-दोन वर्षं बंद राहिली, पुन्हा उघडली, आणि दोन वर्षांपूर्वी पट तीनवर आला तेव्हा कायमची बंद झाली. आता तिथे कुणीतरी कडबा भरतं. मी दुसऱ्या तालुक्यात शिक्षिका आहे. हजेरी घेताना मी मान वर ठेवते, आणि एखाद्या नावाला उत्तर आलं नाही की ते मूल कुठे आहे हे कळेपर्यंत पुढचं नाव घेत नाही. पोरं कंटाळतात, सहकारी चेष्टा करतात. करू देत. शीतल पाचवीला गेली नाही. पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा ट्रकमध्ये चढली आणि त्या वेळी तिने कुणालाच पान दिलं नाही.

पण त्या दुपारी तिच्या ओट्यावर मी अजून हात पुढे करून उभी होते. तिने प्रगतीपुस्तक मिटलं आणि माझ्या हातातल्या पानावर ठेवलं. घोगऱ्या आवाजात, अगदी सावकाश म्हणाली, "म्हंजी इतकं दिस मी हितंच हुते. मंग हे तूच ठेव." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.